मोठ्या क्षेत्राचा आयपीस: स्वस्त घ्यावा की महाग? कोकणातून येणारे नेहमीचे प्रश्न

दिवाळी उलटली, आकाश धुऊन निघालं, की दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या दुर्बिणी खोक्यांतून बाहेर येतात आणि मला तेच तेच प्रश्न यायला लागतात. उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, कारण एकाचं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्यात अडकलेलं असतं. सोप्यापासून सुरुवात आहे, गुंतागुंत पुढे.

१. मोठ्या क्षेत्राचा आयपीस म्हणजे नक्की काय? वर्धन जास्त असतं का?

नाही. आयपीस म्हणजे डोळा लावायची भिंगांची छोटी नळी, आणि वर्धनाचा संबंध फक्त नाभीय अंतराशी. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचं. १२०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला की ४८ पट, मग तो आयपीस पाचशेचा असो की पन्नास हजारांचा.

क्षेत्र म्हणजे डोळा लावल्यावर दिसणारं वर्तुळ किती रुंद आहे ते. दुर्बिणीबरोबर येणाऱ्या साध्या प्लॉसलचं क्षेत्र ५० अंशांच्या आसपास असतं. खिडकीच्या गजांतून बाहेर बघितल्यासारखं वाटतं. ६५-७० अंशांना खिडकी उघडते. ८२ अंशांना आपण पडवीत येऊन उभे राहतो, आणि १०० अंशांना थेट खळ्यात. वर्तुळाची कडा बघायला तिथे डोळा फिरवावा लागतो.

आकाशाचा खरा तुकडा किती दिसेल याचा ढोबळ हिशोब: आयपीसचं क्षेत्र भागिले वर्धन. ५० अंशांचा प्लॉसल ४८ पटीला जेमतेम १ अंश दाखवतो, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी.

२. दोन्हींवर ‘८२ अंश’च लिहिलंय. मग एक चार हजारांना आणि दुसरा चाळीस हजारांना कसा?

जास्तीचे पैसे बहुतांशी वर्तुळाच्या कडेसाठी असतात. मध्यभागी आजचे चांगले स्वस्त आयपीसही इतके नेटके असतात की चंद्रावरची विवरं दाखवून कोणाला फरक विचारला तर पंचाईत होते. कडेकडे जाणारा प्रकाश मात्र भिंगांतून फार तिरका जातो. तिथेही तारा टिंबासारखा ठेवायचा तर भिंगांची संख्या वाढते, काच खास लागते, घासणी काटेकोर लागते. प्लॉसलमध्ये ४ भिंगं असतात. अल नागलर यांनी १९८० मध्ये ८२ अंशांचा पहिला नागलर आयपीस आणला, त्यात ७ होती. हे गृहस्थ आधी अपोलोच्या चांद्रयान-सिम्युलेटरच्या प्रकाशयंत्रणेवर काम करत होते. अंतराळवीराला खिडकीतून खऱ्यासारखं दृश्य दिसावं म्हणून केलेला विचार पुढे आपल्या डोळ्यापर्यंत आला. २००७ मध्ये त्यांच्याच टेलीव्ह्यू कंपनीने १०० अंशांचा इथॉस काढला.

बाकीचे पैसे लेप, आतली काळी रंगरंगोटी, डोळ्याला पुरेसं अंतर आणि तपासणी यांचे. स्वस्तात दोन नग सारखे निघतीलच असं नाही, महागात सहसा निघतात. आणि स्वस्त आयपीसवर छापलेले अंश थोडे फुगवलेले असू शकतात, तेवढं गृहीत धरा.

३. मग माझ्या दुर्बिणीला महाग लागेल की नाही, हे कसं ओळखायचं?

सगळ्या पानातला हाच प्रश्न खरा महत्त्वाचा. नळीवर लिहिलेला एफ-अंक बघा. नसेल तर नाभीय अंतराला आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासाने भागा. २०३ मिमीचा आरसा आणि १२०० मिमी नाभीय अंतर म्हणजे साधारण एफ/६.

अंक मोठा असेल तर प्रकाशाचा शंकू निमुळता, आयपीसवर ताण कमी. एफ/१० च्या श्मिट-कॅसेग्रेन किंवा एफ/१२ च्या माकसुतोव प्रकारच्या दुर्बिणीला तीन-चार हजारांचा ६६-६८ अंशांचा आयपीस जवळपास कडेपर्यंत छान चालतो. तिथे महागड्यावर पैसे घालवणं म्हणजे होडीला ट्रकचं इंजिन. एफ/८ लाही तक्रार करण्यासारखं फार नसतं. एफ/६ ला स्वस्त आयपीसच्या वर्तुळाचा बाहेरचा पाव-एक भाग मऊ पडतो. एफ/५ आणि त्याखाली कडेचे तारे पंख पसरलेल्या कुरव पक्ष्यांसारखे दिसतात. जानेवारीत हर्णैच्या पुळणीवर थवाच्या थवा उठावा तसे.

म्हणजे गंमत अशी की स्वस्त, आखूड, एफ/५ च्या दुर्बिणीलाच चांगला आयपीस जास्त लागतो आणि महागड्या लांब दुर्बिणीला कमी. दुकानदार हे सहसा उलटं सांगतो.

४. माझ्याकडे ८ इंची डॉबसोनियन (हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) आहे, एफ/६. एकच आयपीस घ्यायचा तर कोणता?

कमी वर्धनाचा, २ इंची बॅरलचा (बॅरल म्हणजे आयपीसचा दुर्बिणीत शिरणारा भाग), ३० मिमीच्या आसपासचा, आणि त्यातल्या त्यात चांगला. तुमच्या १२०० मिमीच्या नळीला ३० मिमी म्हणजे ४० पट. क्षेत्र ८२ अंश असेल तर आकाशाचे साधारण २ अंश दिसतात. कृत्तिका अख्ख्या मावतात. मृगाचा तेजोमेघ आजूबाजूच्या ताऱ्यांसकट मावतो. देवयानी दीर्घिका नाही मावणार, ती ३ अंश लांब आहे, पण गाभा आणि दोन्ही बाजूंचा बराचसा धूसर पसारा येतो.

पैसे कमी असतील तर आधी ६८ अंशांचा २४ मिमी घ्या. सव्वा इंची बॅरलमध्ये बसतो, १.३ अंश दाखवतो. मग मधला १४-१५ मिमीचा स्वस्तातला चालेल. जास्त वर्धनाचा तर नक्कीच स्वस्तातला चालेल, कारण तिथे जे बघायचं ते बहुतेक मधोमध असतं. माझं मत विचाराल तर पैसा कमी वर्धनाकडे लावा. ज्या आयपीसमधून तुम्ही आकाशात हिंडता, त्याचीच कडा डोळ्यात खुपते.

५. २ इंचीच कशाला? सव्वा इंचीत ८२ अंशांचा ३० मिमी मिळत नाही का?

मिळू शकत नाही. सव्वा इंची बॅरलच्या आतल्या कडीचं तोंड जास्तीत जास्त २७ मिमी असतं. आकाशाचा त्याहून मोठा तुकडा त्यातून आत शिरणारच नाही. म्हणून सव्वा इंचीत २४ मिमी-६८ अंश किंवा ३२ मिमी-५० अंश, इथे हद्द संपते. दोन्ही आकाशाचा तुकडा सारखाच दाखवतात. २ इंचीत ही मर्यादा ४६ मिमीपर्यंत जाते.

मग ३२ चा प्लॉसल स्वस्त असताना २४ चा कशाला? एक कारण कोकणातलंच आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत बंदराचे, हॉटेलांचे, समुद्रातल्या होड्यांचे दिवे पसरून आकाश राखाडी होतं. २४ मिमीला वर्धन जास्त, त्यामुळे तेच राखाडी आकाश जवळपास पावणेदोन पट काळं दिसतं, आणि तारे मात्र तितकेच झळझळीत राहतात. एकदा दोन्ही लावून बघितलंत की ३२ परत डब्यात जातो.

१३० मिमीच्या छोट्या दुर्बिणींना बहुधा २ इंची फोकसर (आयपीस बसवायची, आत-बाहेर सरकणारी नळी) नसतोच. मागवण्याआधी पट्टी लावून बघा. ६५० मिमीच्या नळीला तोच २४ मिमी आयपीस २.४ अंश दाखवतो, तक्रारीला जागा नाही.

६. कडेचे तारे शेपटीवाले दिसतात. आयपीस परत पाठवू का?

थांबा. आधी गुन्हेगार कोण ते ठरवा. तिघं संशयित आहेत.

शेपूट मध्यापासून बाहेरच्या दिशेला फुलत गेली असेल, छोट्या धूमकेतूसारखी, आणि आयपीस बदलला तरी तशीच राहत असेल, तर तो कोमा. तो न्यूटोनियन दुर्बिणीच्या (डॉबसोनियन त्यातलीच) आरशाचा स्वभाव आहे. एफ/५ ला ठळक दिसतो. सर्वांत महाग आयपीसमधून तर तो आणखी स्पष्ट दिसतो, कारण बाकीचे दोष निघून गेलेले असतात! त्यावर कोमा करेक्टर नावाची वेगळी वस्तू मिळते.

कडेचा तारा पुन्हा फोकस केल्यावर टिंब होत असेल, आणि तेव्हा मधले तारे फुगत असतील, तर क्षेत्र सपाट नाही. आखूड भिंगांच्या दुर्बिणीत हे फार. तरुण डोळा थोडंफार सावरून घेतो, पन्नाशीनंतरचा घेत नाही.

फोकस आत-बाहेर केल्यावर कडेचा तारा आधी आडवा आणि मग उभा ताणला जात असेल, आणि नेमक्या फोकसला क्रूस किंवा पंखांसारखा दिसत असेल, तर तो अबिंदुकता दोष, आणि तो आयपीसचा. आता परत पाठवायचा विचार करा. मात्र दुर्बीण एफ/५ आणि आयपीस तीन हजारांचा असेल तर तो दोष नव्हे, ठरलेला व्यवहार आहे. प्रश्न ३ पाहा.

७. ताऱ्याला एका बाजूला तांबडी, दुसऱ्या बाजूला निळी कड दिसते. स्वस्त काच म्हणून का?

तारा क्षितिजापासून किती वर होता? दक्षिणेकडच्या खालच्या ताऱ्यांना हे नेहमी होतं. तिथला प्रकाश वातावरणाच्या जाड थरातून तिरका येतो आणि हवाच लोलकाचं काम करते. अगस्तीवर, मावळतीच्या शुक्रावर हटकून दिसतं. तारा वर्तुळाच्या मधोमध आणा. रंग तरीही राहिले, आणि त्यांची दिशा क्षितिजाच्या संदर्भात कायम उभीच राहिली, तर हवा. मधोमध आणल्यावर गेले आणि फक्त कडेलाच येत असतील, तर आयपीस.

पन्नास हजार खर्चूनही हवेचा लोलक जात नाही. तारा वर येईपर्यंत चहा घ्यावा.

८. मी चष्मा लावतो. काय बघून घेऊ?

लांबचा किंवा जवळचा साधा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस करा, प्रश्न मिटला. सिलिंडरचा नंबर असेल तर कमी वर्धनाला चष्मा लागतो. जास्त वर्धनाला, जिथे आयपीसमधून डोळ्यात जाणारी प्रकाशाची शलाका २ मिमीहून बारीक होते, तिथे तोही बहुधा लागत नाही. ही जाडी म्हणजे आयपीसचं नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा एफ-अंक. एफ/६ ला १२ मिमीचा आयपीस म्हणजे बरोबर २.

चष्म्यासकट बघायचं तर आय रिलीफ, म्हणजे काचेपासून डोळा ठेवायचं अंतर, १७ ते २० मिमी असलेलाच घ्या. इथे मात्र महागडे खरंच पैसे वसूल करतात. मोठं क्षेत्र आणि ऐसपैस आय रिलीफ एकत्र देणं स्वस्तात फारसं जमलेलं नाही.

९. बघता बघता काळी सावली येते, घेवड्याच्या बीसारखी. बिघडलाय का?

नाही. डोळा फार जवळ नेलात, किंवा थोडा बाजूला सरकला. काही रचनांमध्ये ही खोड मुळातच असते, नावाजलेल्यांतही. रबराची कड वरखाली करून डोळ्याची जागा शोधा. दोन रात्रींत सवय होते. माणसं जमवून आकाश दाखवणार असाल तर असा आयपीस घेऊ नका. गावातल्या आजीला ‘डोळा अर्धा इंच मागे घ्या’ म्हणून किती वेळा सांगणार!

१०. मी फक्त गुरू, शनी आणि चंद्र बघतो. मला मोठं क्षेत्र लागेल का?

दुर्बिणीला मोटर असेल तर नाही. चांगला प्लॉसल पुरे.

हाताने ढकलायची डॉबसोनियन असेल तर मात्र उत्तर बदलतं. आकाश दर ४ मिनिटांना सुमारे १ अंश सरकतं. २०० पटीला ५० अंशांच्या आयपीसमधून शनी कडेपासून कडेपर्यंत एका मिनिटात निघून जातो, १०० अंशांच्यातून दोन मिनिटं थांबतो. रांगेत दहा पोरं उभी असली की त्या एका मिनिटाची किंमत कळते. पण लक्षात घ्या, कडेवर शनी धूसर होत असेल तर ते जास्तीचं क्षेत्र फुकट. म्हणून एफ/५ च्या डॉबसोनियनला ग्रहांसाठीसुद्धा मध्यम किमतीचा ८२ अंशांचा बरा.

११. स्वस्त आयपीसला बार्लो लावला तर सुधारतो म्हणतात. खरं?

खरं. बार्लो म्हणजे आयपीसच्या आधी बसवायचं, वर्धन वाढवणारं भिंग. २ पटीचा बार्लो एफ/५ चा शंकू एफ/१० चा करतो, आणि मग कडा सुधारते. पण वर्धनही दुप्पट होतं, म्हणजे कमी वर्धनासाठी ही युक्ती कामाची नाही.

१२. झूम घेतला तर सगळेच प्रश्न मिटतील ना?

८-२४ मिमीचे बहुतेक झूम २४ ला सर्वांत अरुंद क्षेत्र दाखवतात, स्वस्तातले ४० अंशांच्या आसपास. म्हणजे जिथे पसारा हवा नेमका तिथे नळीतून बघितल्यासारखं. ग्रहांना ठीक.

१३. आमच्याकडे खारा वारा आणि दमटपणा. वॉटरप्रूफ आयपीस घेण्यात अर्थ आहे का?

आहे. उदाहरणार्थ एक्स्प्लोअर सायंटिफिकच्या ६८ आणि ८२ अंशांच्या मालिका आत आरगॉन वायू भरून सीलबंद केलेल्या असतात. किंमत मधली: सर्वांत स्वस्तापेक्षा बरीच जास्त, सर्वांत महागापेक्षा बरीच कमी. पुण्यातल्या माणसाला मी हा मुद्दा सांगणार नाही. मालवणच्या माणसाला पहिल्यांदा हाच सांगेन, कारण आतल्या भिंगांवर बुरशी चढली की ती घरी काढता येत नाही.

पण सील आतल्या बाजूचं. बाहेरच्या दोन काचा तशाच उघड्या, त्यांची काळजी तुमचीच. शक्य असेल तर पुळणीवर दुर्बीण लावूच नका, सड्यावर जा. रात्र चढली की मतलई वारा जमिनीकडून सुटतो, तो संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यापेक्षा काचेला पुष्कळ बरा. शिवाय कातळावर चारही बाजूंचं क्षितिज मोकळं मिळतं.

१४. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. पुसू का?

ती बुरशी. भुरी फक्त मोहोरावरच येते असं थोडंच आहे. बाहेरच्या काचेवर असेल तर आधी रबरी फुग्याने धूळ आणि मीठ उडवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओला केलेला स्वच्छ कापूस, मधून बाहेर, न दाबता, दर फेरीला नवा. पंचा, सदऱ्याचं टोक, तोंडाची वाफ, यातलं काही नको. मिठाचा कण पंच्याखाली आला की लेपावर कायमची रेघ. लवकर काढलीत तर डाग राहत नाही. जुनी बुरशी लेपच खाऊन टाकते.

माझा पहिला ८२ अंशांचा आयपीस असाच गेला. चामड्याच्या सुरेख बटव्यात घालून जूनमध्ये कपाटात ठेवला, गणपतीत काढला. चामडं ओलावा धरून ठेवतं हे तेव्हा मला कळायला हवं होतं.

१५. मग पावसाळ्यात ठेवायचे कुठे?

घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसकट. हवेतली आर्द्रता बराच काळ ६०-६५ टक्क्यांवर राहिली की बुरशीला आमंत्रण, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून कितीतरी वर असते. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे भरलं कधी ते कळतं. गरम करून पुन्हा वापरता येतं, फक्त स्वयंपाकाचा तवा वापरू नका. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, कोंडा मात्र देतो. आयपीस चार-पाच झाले आणि त्यातला एक महाग असला तर विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घ्या, काटा ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवा.

१६. आम्ही मुंबईला असतो. दुर्बीण गावच्या घरी ठेवली तर?

नळी आणि स्टँड ठेवा, झाकणं लावून. आयपीस बरोबर न्या. पावसाळाभर बंद घरात काय होतं ते चाकरमान्याला सांगायला नको, गणपतीला दार उघडल्यावर पहिला वास कसला येतो ते आठवा.

१७. एसी खोलीतून बाहेर आणला की लगेच धुकं धरतं. महाग आयपीसलाही धरेल का?

धरेल, आणि जड असल्यामुळे जास्त वेळ धरेल. गार काच बाहेरच्या दमट हवेत आली की पाणी बसणारच. झाकणं न काढता डब्यासकट अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. पुसू नका. डिसेंबर-जानेवारीच्या दंवात उलटा उपाय: वापरात नसलेला आयपीस खिशात.

१८. मोठा आयपीस लावला की दुर्बिणीचं नाक खाली येतं. काय करू?

टेलीव्ह्यूचा ३१ मिमी नागलर जवळपास १ किलोचा आहे, हलकी डॉबसोनियन वाकणारच. नळीच्या मागच्या टोकाला वाळूची छोटी पिशवी बांधा. वाळूची आपल्याकडे वाण नाही.

१९. जुना महाग घ्यावा की नवा स्वस्त?

जुना महाग, पण दिवसा आणि समोरासमोर बघून. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून आत बघा. धुळीचे दोन-चार कण चालतील. धागे, ठिपके किंवा ढग दिसला तर उठा. विकणारा किनाऱ्यावरचा असेल तर दोनदा बघा. मी विकत असलो तर तीनदा.

२०. ओमेगा सेंटॉरी बघायचाय. त्यासाठी कोणता?

नरतुरंगातला हा बंदिस्त तारकागुच्छ म्हणजे कोकणाला मिळालेली देणगी. देवगडहून तो दक्षिणेला साधारण २६ अंश वर येतो, उत्तर भारतातून बराच खाली राहतो. एप्रिलच्या शेवटी रात्री साडेअकराच्या सुमारास सर्वांत उंच असतो.

आकार जवळजवळ चंद्राएवढा, म्हणून ८ इंचीला १४ मिमी-८२ अंश उत्तम: ८६ पट, वर्तुळात जवळपास १ अंश आकाश. पण त्याच नाभीय अंतराचा ६६-६८ अंशांचा स्वस्त आयपीसही इथे हार जात नाही. गुच्छाचा दाटवा मधोमध असतो, आणि कडेकडे तसेही विरळ तारे. इतक्या खाली हवा थरथरते, त्यामुळे १५० पटीच्या वर जाऊ नका. आयपीसपेक्षा जागेकडे लक्ष द्या. दक्षिणेला माड नकोत, बंदराचे दिवे नकोत, आणि मे उजाडण्याआधी जा, नंतर वळवाचे ढग दक्षिण बाजू खाऊन टाकतात.